रॉकेट राहू द्या, आधी काठी रोवा

पत्र

सप्रेम नमस्कार. मी नंदुरबार तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. चांद्रयान उतरलं तेव्हापासून मुलांना अवकाशाचं वेड लागलंय. शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा तर रोज परिपाठात तोच विषय होता. मी टीव्हीवर व्हिडिओ दाखवते, २३ ऑगस्टला पुठ्ठ्याची रॉकेटं करून घेते, वर्ग टाळ्यांनी दणाणतो. दुसऱ्या दिवशी दशांश अपूर्णांकांचा भागाकार दिला की तीच मुलं माना खाली घालतात. मुख्याध्यापक म्हणतात, आधी अभ्यासक्रम आणि शिष्यवृत्तीचा सराव. पालकसभेत एक वडील म्हणाले, “मॅडम, पोरीले मिरचीना हिशोब येवाले पाहिजे, चांदवर जाईसन काय करनं शे?” आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. हे अवकाशाचं सगळं सोडून द्यावं का? की यातून खरोखर गणित-विज्ञान शिकवता येतं?
– एक शिक्षिका, नंदुरबार

उत्तर

ताई, नमस्कार.

सोडून देऊ नका. मुलं आपणहून एखाद्या विषयाकडे धावत येतात, असं शिक्षकाच्या वाट्याला फार वेळा येत नाही. पण तुमच्या वर्गातल्या टाळ्या आणि दुसऱ्या दिवशीच्या खाली गेलेल्या माना यांचं कारण एकच आहे, असं मला वाटतं. मुलांनी आतापर्यंत अवकाश पाहिलं, रंगवलं, त्यावर भाषणं केली. मोजलं मात्र काहीच नाही. अवकाश संशोधन हे तर मुळात मोजण्याचं काम. जिथे माणसाचा हात पोहोचत नाही तिथलं अंतर, तापमान, वेग इथे बसून काढायचं, आणि आपलं उत्तर किती चुकू शकतं हेही सांगायचं. ते काम मुलांच्या हातात दिलंत तर दशांश चिन्हाला अर्थ येईल.

तुमच्या त्या भागाकारापासूनच सुरुवात करू. चांद्रयान-२ चा लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये उतरताना चंद्रावर आदळला. त्याला उतरायला आखून दिलेली जागा होती ५०० मीटर बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ साठी ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, म्हणजे थोडं इकडेतिकडे झालं तरी यानाला सुरक्षित जागा शोधायला वाव राहील. आता मुलांना विचारा, नवी जागा जुन्या जागेच्या किती पट? पहिली अडचण एककांची येईल, कारण एक माप मीटरमध्ये आणि दुसरं किलोमीटरमध्ये आहे. मग ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५. चार गुणिले २.४ म्हणजे ९.६. आणि ९.६ भागिले ०.२५. हा तोच भागाकार, ज्याला मुलं घाबरतात. उत्तर ३८.४ येतं. ‘भागल्यावर संख्या मोठी कशी झाली?’ हा प्रश्न तुमच्या वर्गात नेहमी येत असेल. इथे तो आला की फळ्यावर मोठा आयत काढून त्यात तो छोटा चौरस किती वेळा बसतो ते दाखवा.

असे हिशेब तुम्ही केव्हाही घेऊ शकता. पण वर्षातून निदान एकदा मुलांनी स्वतः मापं घ्यावीत, आणि त्यासाठी माझी पहिली पसंती सावलीला आहे. एक काठी, ओळंबा, खडू, मोजपट्टी आणि दूरच्या एका शाळेची साथ, एवढंच लागतं. नकाशावर पाहा: नंदुरबार आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, साधारण ७४.२४ अंश पूर्व. नंदुरबार २१.४ अंश उत्तरेला, कोल्हापूर १६.७ अंशांवर. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. त्याला लागली होती तशीच ही जोडी आहे, आणि ती तुम्हाला घरबसल्या मिळाली आहे. कोल्हापूरकडच्या एखाद्या शाळेतले ओळखीचे शिक्षक शोधा. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एका दिवसात सापडतील.

तारीख २२ डिसेंबर घ्या. तो राष्ट्रीय गणित दिन आहे म्हणून शाळेत परवानगी मागावी लागणार नाही. पण खरं कारण वेगळं आहे. बरीच पुस्तकं हा प्रयोग २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरला करायला सांगतात. सप्टेंबरात ढगांची धास्ती असते. शिवाय त्या दिवसांत एक मीटर काठीच्या दोन गावांतल्या सावल्यांमध्ये फरक जेमतेम नऊ सेंटीमीटरचा पडतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावल्या लांब होतात आणि फरक पंधरा सेंटीमीटरपर्यंत जातो. मोजायची गोष्ट मोठी असली की चुकीचा वाटा लहान होतो, हेही मुलांना त्यातून कळेल. शून्य सावलीच्या दिवसाचं (मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो तो दिवस) सध्या कौतुक फार आहे, पण तुमच्याकडे तो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येतो तेव्हा शाळेला सुट्टी, आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर येतो तेव्हा पाऊस. त्याच्या मागे लागू नका.

काठी जमिनीवर बरोबर एक मीटर उभी राहिली पाहिजे. ती सरळ आहे का ते ओळंब्याने पाहायचं आणि अंगण समपातळीत आहे का ते पाणसळीने. वर्गात कुणा ना कुणाचे वडील गवंडी असतील, त्यांना बोलवा. मग सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची आणि शेजारी वेळ लिहायची. मुलं म्हणतील, सर्वांत लहान सावली बाराला पडेल. पडणार नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्ताचं, आणि नंदुरबार त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश चार मिनिटांत. सव्वाआठ गुणिले चार, ३३ मिनिटं. त्या तारखेला सूर्य दीड मिनिट पुढे असतो, तेवढं वजा केलं तर तुमची मध्यान्ह साधारण १२ वाजून ३१ मिनिटांनी होते. समप्रमाणाचा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही, कारण उत्तर अंगणात खडूने लिहिलेलं असतं. आणि कोल्हापूरच्या मुलांची सर्वांत लहान सावलीही त्याच मिनिटाला पडते. फोन लावून दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांशी बोलू द्या. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, ही ताकीद मात्र आधीच द्या.

एक अडचण येईल, ती आधीच सांगतो. सावलीचं टोक रेघेसारखं स्पष्ट नसतं. गडद सावली संपते, मग एखाद-दोन सेंटीमीटर धूसर पट्टा असतो, मग ऊन. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे म्हणून हे होतं. मुलांमध्ये वाद होईल की खूण कुठे करायची. होऊ द्या. शेवटी दोन्ही शाळांनी एकच नियम ठरवायचा, समजा पट्ट्याच्या मध्यावर खूण. आपल्याला शेवटी दोन कोनांची वजाबाकी करायची आहे, त्यामुळे दोघांची चूक एकाच बाजूला असेल तर ती वजाबाकीत बरीचशी निघून जाते. खरे शास्त्रज्ञही उपकरणाची कायमची चूक अशीच बाद करतात, आणि सातवीच्या मुलाला हे अंगणात समजतं.

नंदुरबारला सावली सुमारे ९९ सेंटीमीटर मिळेल, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच. वहीत समद्विभुज काटकोन त्रिकोणाची आकृती काढतो, तो त्रिकोण तुमच्या शाळेच्या अंगणात वर्षातून एकदा मध्यान्ही सूर्य स्वतः आखून देतो. कोल्हापूरला ती सुमारे ८४ सेंटीमीटर येईल. त्रिकोणमितीची गरज नाही. काठी दहा सेंटीमीटर धरून प्रमाणात आकृती काढायची आणि काठीच्या टोकाजवळचा कोन कोनमापकाने मोजायचा. इकडे ४५ अंश, तिकडे ४०. फरक पाच. नकाशाच्या प्रमाणपट्टीवरून दोन गावांमधलं सरळ अंतर काढलं तर ५२० किलोमीटरच्या आसपास येतं (रस्त्याचं अंतर घ्यायचं नाही, ते बरंच जास्त आहे). पाच अंशांना ५२०, तर ३६० अंशांना किती? ३७,४४० किलोमीटर. खरा परीघ सुमारे ४०,००० आहे. कोनमापकावर अर्धा अंश इकडेतिकडे वाचला आणि फरक साडेचार आला तर उत्तर ४१,६०० येतं. प्रत्येक गटाचं उत्तर फळ्यावर लिहा आणि सरासरी काढा. कुणाचं उत्तर ‘चूक’ म्हणून खोडू नका. आठवीच्या मुलांना त्याच वेळी विचारा की सावल्यांच्या कोनांतला फरक हाच पृथ्वीच्या केंद्राजवळचा कोन कसा काय? सूर्यकिरण समांतर आणि काठीची रेषा ही छेदिका, हे त्यांना आकृतीत दिसलं की समांतर रेषांचा सगळा धडा कामाला येतो.

हे कुठल्या तरी परदेशातलं शास्त्र आहे असं मुलांना वाटू देऊ नका. उभ्या काठीच्या सावलीवरून दिशा, वेळ आणि अक्षांश काढणं हा आपल्या ज्योतिर्गणिताचा पाया होता. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी रोवलेली खुंटी, हे त्याचं साधन. आपल्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याची ती नोंद. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. पाटणादेवीला शाळांच्या सहली जातात, त्या देवीचं दर्शन आणि धबधबा करून परततात. तुम्ही सहल नेलीत तर सोबत काठी न्या.

दुसरा प्रयोग मातीचा, आणि त्याला मार्चचं ऊन हवं. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर ‘चास्टे’ नावाचं उपकरण होतं. दहा तापमान संवेदक बसवलेली सळई, चंद्राच्या मातीत दहा सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकेल अशी. इस्रोने ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा पहिला आलेख प्रसिद्ध केला. पृष्ठभागाजवळ तापमान सुमारे ५० अंश सेल्सिअस आणि आठ सेंटीमीटर खाली सुमारे उणे १०. एका वितीपेक्षाही कमी खोलीत ६० अंशांचा फरक! मुलांना आधी आलेख दाखवू नका. एका डब्यात शेतातली कोरडी माती भरून दोन तास उन्हात ठेवा. पृष्ठभागापाशी, मग दोन, चार, सहा आणि आठ सेंटीमीटरवर तापमापी खोचून वाचन घ्या. तापमापी प्रयोगशाळेची हवी, ताप मोजायची नको. तिच्या फुग्यावर थेट ऊन पडलं तर ती मातीचं नाही, उन्हाचं तापमान दाखवते. म्हणून वरचं वाचन घेतानाही फुगा मातीच्या पातळ थराखाली झाका. एकच तापमापी असेल तर तीच क्रमाने वापरा, पण प्रत्येक जागी आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मग आलेख कागदावर खोली एका अक्षावर, तापमान दुसऱ्यावर.

आपल्या मातीतही तापमान खाली उतरत जाताना दिसेल, पण चंद्रासारखं कोसळणार नाही. का? हा प्रश्न विचारून गप्प बसा. चंद्रावर हवा नाही, ओलावा नाही, धूळ भुसभुशीत. त्यामुळे वरची उष्णता खाली फारच कमी जाते. आपल्या मातीच्या कणांमध्ये हवा आहे, थोडी ओल आहे, आणि उष्णता त्यांच्यातून पुढे सरकते. दुसऱ्या दिवशी एका डब्यातली माती ओली करून पुन्हा मापं घ्या. उष्णतेच्या वहनाचा धडा, ऋण संख्या आणि आलेख हे तिन्ही एका दुपारी होतात. उणे दहा आणि पन्नास यांत फरक चाळीसचा नसून साठचा, हे ज्या मुलाला पाटीवर कळत नव्हतं, त्याला तापमापीवर कळतं.

आता त्या मिरचीवाल्या बाबांचं. त्यांचं म्हणणं मला पटतं. मुलीला हिशेब आलाच पाहिजे. पण त्यांच्या शेताचा हिशेब आता आकाशातूनही मांडला जातो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह काही दिवसांच्या अंतराने सगळ्या जमिनीची चित्रं घेतात आणि ती सर्वांना फुकट पाहता येतात. त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर, शंभर चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा, एकर म्हणजे चाळीस ठिपके. तुमच्या वर्गातली मुलं क्षेत्रफळाचं सूत्र विसरतात, पण आपल्या घरचं शेत किती गुंठे हे कुणी विसरत नाही. शाळेतल्या टीव्हीवर कोपर्निकस ब्राउझर किंवा इस्रोचं भुवन उघडा. विरचक धरणाचं ऑक्टोबरचं आणि मेचं चित्र शेजारी ठेवा. चौकटीच्या कागदावर पाण्याची कड उतरवून चौकोन मोजा. अर्ध्याहून मोठा चौकोन धरायचा, लहान सोडायचा. पाणी किती घटलं, शेकडा किती, हे मुलंच सांगतील.

आठवीला एक पाऊल पुढे जाता येईल. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवतं. उपग्रह दोन्ही मोजतो, मग अवरक्तातून लाल वजा करायचा आणि त्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. नमुन्यादाखल आकडे देतो. तजेलदार पिकासाठी अवरक्त ०.४५, लाल ०.०५ धरा: उत्तर ०.८. उघड्या जमिनीसाठी ०.२५ आणि ०.२०: सुमारे ०.११. पाण्यासाठी ०.०२ आणि ०.०४: उणे ०.३३. एकाच सूत्रातून पीक, पडीक आणि पाणी वेगळं होतं. पीक विम्यात उत्पन्नाचा अंदाज बांधायलाही आता उपग्रहांची मदत घेतली जाते. पुढच्या पालकसभेत त्या बाबांना बोलवून त्यांच्या मुलीलाच हे समजावून सांगू द्या, अहिराणीत. वर्गातही मुलांनी ‘चांदवर पानी शे का?’ असं विचारलं तर आधी वाक्य दुरुस्त करायला जाऊ नका, प्रश्न फळ्यावर लिहा.

सहावीच्या लहान मुलांसाठी चवळी पुरे. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने अवकाशात चवळीचे आठ दाणे रुजवले, त्यांना चार दिवसांत मोड आले. काचेच्या पेल्यात ओल्या टिपकागदाआड दाणे लावा. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की पेला आडवा करा आणि दुसऱ्या दिवशी मुळाची दिशा पाहा. गुरुत्वाकर्षण नसतं तर? इथून चर्चा सुरू होते.

एककं न लिहिणाऱ्यांना नासाच्या १९९९ च्या मंगळावरच्या यानाची गोष्ट सांगा. मार्स क्लायमेट ऑर्बायटर. एका बाजूचे आकडे पौंडांत, दुसरी बाजू ते न्यूटनमध्ये समजून चालली, आणि यान मंगळाजवळ नष्ट झालं. उत्तरापुढे ‘सेंमी’ लिहायला सांगताना एवढी गोष्ट पुरते.

मुख्याध्यापकांना मात्र ‘अवकाश उपक्रम’ या नावाने काही विचारू नका. त्यांच्यासमोर वार्षिक नियोजन ठेवा आणि दाखवा की समप्रमाण, समांतर रेषा, क्षेत्रफळ, आलेख, उष्णता या घटकांचे तास तेच आहेत, फक्त सरावसंचातली काही उदाहरणं काढून त्यांच्या जागी मुलांची स्वतःची मापं घातली आहेत. आकारिक मूल्यमापनासाठी प्रयोग आणि प्रकल्प तुम्हाला नाहीतरी नोंदवावेच लागतात, सावलीची वही ती नोंद होईल. शिष्यवृत्तीच्या सरावाला हात लावू नका, त्यांची ती काळजी योग्य आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला ताऱ्यांचा धडा शेवटी येतो आणि मार्चच्या घाईत उरकला जातो. तो डिसेंबरात सावलीच्या आठवड्यात ओढून घेता आला तर पाहा.

आणि व्हिडिओ बंद करू नका, पण मध्ये थांबवा. लँडर उतरायला लागला की थांबवून विचारा, यानाला इथून हाक मारली तर ती किती वेळात पोहोचेल? ३,८४,००० भागिले ३,००,०००. हाक जायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ, उत्तर यायला तेवढाच. ही दिरंगाई असताना यान इथून हाताने चालवता येईल का, यावर मुलांना भांडू द्या, मग पुढचा भाग दाखवा.

सुरुवात जोडीची शाळा शोधण्यापासून करा, कारण वेळ त्यालाच लागतो. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन्हीकडे एकदा रंगीत तालीम घ्या, काठी आणि नियम तेव्हाच पक्के होतील. बावीस तारखेला सुट्टी किंवा ढग आले तर एक-दोन दिवस पुढे-मागे चालतं. त्या आठवड्यात सूर्याची जागा फारशी बदलत नाही, फक्त दोन्ही शाळांचा दिवस एकच हवा. आकडे आले की मला पाठवा, सगळ्या गटांचे, फार चुकलेलेही.